बराबर

पाहुणे आले त्याला तिसरं वर्ष चालू होतं. पाहुणे हे नाव गावानं ठेवलेलं. बोलावलं कुणी नव्हतं आणि जायचं नाव ते घेत नव्हते, तेव्हा दुसरं काय म्हणणार? आभाळातून उतरले, जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्या ताब्यात घेतल्या, पूर्णा नदीवरचे पंप ताब्यात घेतले, आणि आठवड्याभरात सगळ्या जिल्ह्याला कळून चुकलं की पाणी कधी सुटायचं नि दिवा कधी लागायचा हे आता वरून ठरणार. तसं ते आधीही वरूनच ठरायचं, असं केदारखेड्याचा पुंजाराम म्हणायचा. पण आधीचे वरचे निदान दिसायला माणसासारखे होते. हे सात फूट उंच, अंगानं गार, हाताला सहा बोटं, आणि बोलणं म्हणजे नुसते फुत्कार.

दुर्गाबाईचा नवरा रामराव पहिल्याच महिन्यात गेला. मिरचीच्या प्लॉटला तीन दिवस पाणी नव्हतं म्हणून तो पंपघरात वॉल्व्ह उघडायला गेला. दारात एक पाहुणा पहाऱ्यावर होता. तो काहीतरी म्हणाला, ते रामरावला कळलं नाही. रामराव काहीतरी म्हणाला, ते पाहुण्याला कळलं नाही. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगणाऱ्या डब्या तेव्हा निघाल्या नव्हत्या. रामराव वॉल्व्हपर्यंत पोचला आणि तिथंच पडला. दुर्गाबाईनं हे बांधावरून पाहिलं. पाहुणे सगळे सारखेच दिसतात असं लोक म्हणत, पण ह्याच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं होतं आणि तिला तो हजारात ओळखू आला असता.

दुर्गाबाईचं काम कळ्या सोलायचं. संकरित मिरचीचं बी करायचं तर मादी झाडाची कळी उमलायच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, अंगठ्याच्या नखानं सोलतात. आतला नर, म्हणजे परागाचा झुबका, चिमट्यानं अलगद काढतात आणि देठाला लाल धागा बांधतात. दुसऱ्या सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग तिला लावायचा. एक कळी चुकली की ती आपल्याच परागानं फळते आणि बी बाद होतं. दुर्गाबाईनं वीस वर्षं शेडनेटखाली हेच केलं होतं. धावड्याच्या आणि केदारखेड्याच्या बावीस बाया तिच्या हाताखाली शिकल्या होत्या. ती ओळीतून चालायची, सोललेली कळी बघायची आणि जमली असली की एकच शब्द म्हणायची, बराबर. जमली नसली तर काही न बोलता कळी खुडून टाकायची. बायांना त्या न बोलण्याची धास्ती होती.

पाहुण्यांच्या दुसऱ्या वर्षी काणी आली. ज्वारीच्या कणसात काळी भुकटी भरते ती काणी शेतकऱ्याला माहीत असते, तिच्यावरूनच हे नाव पडलं. ही काणी मात्र कशावरही धरायची, झाडावर, बैलावर, माणसावर. सात दिवस कातडीखाली दबून राहायची, आठव्या दिवशी भेंडीच्या कळीएवढी काळी कळी वर यायची आणि नवव्या दिवशी उजाडताना उमलायची. जिच्यावर उमलली तो जीव तिथंच संपायचा आणि भुकटी जिथवर जाईल तिथले पुढच्या नऊ दिवसांत. कापावी तर फुटायची, पेटवावी तर फुटायची. पाहुण्यांचा स्वतःचा मुलूख ह्याच काणीनं खाल्ला होता. ते इथं जिंकत आले ते खरं म्हणजे पळत आले होते, आणि ती त्यांच्यामागून आली. ज्यांना घाबरून आपण दारं लावून बसलो तेच घाबरून आलेत हे कळल्यावर गावाला घटकाभर बरं वाटलं. मग नीट विचार केल्यावर लोकांनी दारांना दुसरी कडी बसवली.

पाहुण्यांकडं एकच उपाय होता. कळी दिसली की तो जीव लांबून अशा आचेनं जाळायचा की भुकटीसुद्धा उरत नाही. त्यात आपला-परका ते बघत नसत. स्वतःचीही माणसं त्यांनी तशीच जाळली होती.

दुसरा उपाय सापडला तो दुर्गाबाईच्या चुकीनं. मिरचीच्या झाडावर एक वेडीवाकडी काळपट कळी होती. तिला वाटलं, रोगट असेल. हाताची सवय जाते कुठं? तिनं ती सोलली, आतला झुबका काढला आणि तो शेजारच्या तेलाच्या वाटीत पडला. मिरचीनं बोटं भगभगतात म्हणून बाया जवळ करडीचं तेल ठेवतात, ती वाटी. दुसऱ्या दिवशी कळी न उमलताच वाळून गेली. ते वाळकं देठ बघायला पाहुण्यांचे तेरा बडे अधिकारी केदारखेड्याच्या चिखलात येऊन उभे राहिले, आणि दुर्गाबाईनं त्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. त्यांच्या पायात चपला नव्हत्या, पण सांगायचं ते तिनं सांगितलं.

मग करार झाला. पाहुण्यांचे हात गार, गार हाताखाली काणीची कळी मंदावते. बायांचे हात शिकलेले. तेव्हा बायांनी शिकवायचं, पाहुण्यांनी शिकायचं, आणि दोघांनी मिळून काणीला नदीच्या अलीकडं येऊ द्यायचं नाही. माणसांच्या बाजूनं एक अट घातली गेली. ज्या घरातलं माणूस पाहुण्यानं मारलं त्या घरानं एक दावा लावायचा, आणि काणी संपली की मारणाऱ्याला त्या घराच्या हाती द्यायचं. पाहुण्यांनी कुरकुर केली नाही, त्यांचा आपसातला कायदा तसाच होता. दावा म्हणजे बोटभर पत्रा, त्यावर मारणाऱ्याची खूण. दुर्गाबाईनं पहिल्याच दिवशी दावा लावला. पत्रा ती पोलक्यात ठेवायची, दिवसभर तो टोचायचा आणि तिला ते टोचणं हवं होतं.

केदारखेड्याच्या शेडनेटवर पाहुण्यांनी जो अधिकारी नेमला तो तोच, अर्ध्या बोटाचा. त्याला दाव्याचं माहीत होतं, तिलाही माहीत होतं की त्याला माहीत आहे. पाहुण्यांना ह्यात काही वावगं दिसत नव्हतं. त्याचं नाव म्हणजे एक लांबलचक फुत्कार, म्हणून बायांनी त्याचं भुजंग करून टाकलं.

राहिली भाषा. डबीत मराठी भरायला पाहुण्यांनी राधेश्यामशेठला बसवलं होतं. राधेश्यामशेठ जालन्याच्या मस्तगडातले बियाण्याचे व्यापारी, घराणं चार पिढ्यांमागं राजस्थानातून आलेलं. घरात मारवाडी, दुकानात मराठी, गिऱ्हाईक बघून हिंदी. पाहुण्यांनी शब्द विचारायचा, शेठनी अर्थ सांगायचा, असं सहा दिवस चाललं. डबीला अहो-जाहो काही जमलं नाही, ती सगळ्यांना तू म्हणायची, म्हणून दुर्गाबाईनंही भुजंगाला कधी अहो केलं नाही. काम जमलं का विचारायचं असलं की डबी पुस्तकातल्यासारखं 'योग्य?' म्हणायची. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. दुर्गाबाई कळी बघायची आणि म्हणायची, बराबर.

पहिल्यांदा तिनं भुजंगाच्या कळीला बराबर म्हटलं तेव्हा तो ताठ उभा राहिला आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला. तिला वाटलं, ह्याला कौतुकाची सवय नसेल. कौतुक तिनं मुद्दाम केलंच नव्हतं. कळी चांगली सोलली होती, आणि चांगल्या कळीला वाईट म्हणणं तिला जमत नव्हतं, मग सोलणारा कुणी का असेना.

असे एकशे सतरा दिवस गेले.

एकशे अठराव्या सकाळी दुर्गाबाईची लेक अर्पिता ओळीत वाकली तेव्हा तिच्या मानेवर, वेणीच्या खाली, कळी दिसली. ती आधी भुजंगाला दिसली. अर्पिता वीस वर्षांची, घरात रामरावनंतर उरलेली एवढीच. भुजंग तिच्याशी बोलला नाही. तो अवजारांच्या खोलीत गेला, तिथं दुर्गाबाई धागे कापत होती. त्यानं दार लोटलं, पाठ केली आणि अंगावरचं आवरण खाली घेतलं. पाठीवर, त्याचा हात पोचणार नाही अशा जागी, काळी कळी होती.

"मला आहे," डबी म्हणाली. "तुझ्या मुलीलाही."

दुर्गाबाई खताच्या पोत्यावर बसली. रोज संध्याकाळी सहाला फाटकावर सगळ्यांची मान, हात, पाठ बघायचे. भुजंगच बघायचा. पण त्या दिवशी जालन्याहून त्याचा वरचा अधिकारी, मोठा पाहुणा, स्वतः यायचा होता. त्याला कळी दिसली तर अर्पिता फाटकापलीकडं दहा पावलंही चालली नसती, आणि न दिसली तर उद्या उजाडताना कळी उमलली असती. जिवंत अंगावरची कळी कुणी सोलून पाहिलीच नव्हती, कारण ती दिसली की सोलायला माणूस शिल्लक राहत नव्हतं.

रडायला वेळ नव्हता. चार वाजल्यानंतर कळीचं साल मऊ पडतं, त्याआधी हात लावून उपयोग नसतो. चार ते सहा एवढाच काय तो वेळ.

"आधी तुझी सोलीन," ती म्हणाली. "मेलास तर काय चुकलं ते मला कळंल. मंग तिची."

डबीनं ते फुत्कारलं. भुजंगानं आवरण पुन्हा वर घेतलं.

"योग्य," डबी म्हणाली.

चारला त्यांनी अर्पिताला आत घेतलं आणि आतून कडी लावली. भुजंग गुडघ्यावर बसला तरी दुर्गाबाईच्या खांद्याइतका होत होता. अर्पितानं तेलाची वाटी धरली. दुर्गाबाईला त्याचा राग होता. एकशे अठरा दिवसांत तो गुंजभरही उतरला नव्हता आणि त्याची पाठ समोर आली म्हणून आता उतरणार नव्हता. तिच्या मनात येऊन गेलं की काही करायचीसुद्धा गरज नाही, नुसतं न करणं पुरेसं आहे. पण मग शिकायला तिला अर्पिताचीच मान उरली असती.

तिनं नख लावलं. अंगावरच्या कळीचं साल झाडावरच्यापेक्षा चिवट होतं आणि आतून काहीतरी ठोके मारत होतं. पाच पाकळ्या एकेक करून निघाल्या. नराचा झुबका रक्तात रुजलेला होता. ओढला की भुजंगाचं सगळं अंग थरथरायचं, आणि तो हलला तर भुकटी सुटणार होती. तो हलायचा थांबला. कसा थांबला ते त्यालाच ठाऊक. दुर्गाबाईनं चिमटा फिरवून, थांबून, पुन्हा फिरवून झुबका मुळासकट काढला आणि तेलात सोडला. मागं उरलेल्या देठाला लाल धागा बांधला. भुजंग जिवंत होता. तिनं देठ निरखलं आणि सवयीनं बोलून गेली, "बराबर."

मग अर्पिता पाठ करून पोत्यावर बसली. तिची कळीच वाईट होती. माणसाचं अंग गरम, साल आताच पार मऊ पडून तटतटलेलं. नख टेकवायला गेली आणि कळी फुगली. दुर्गाबाईनं हात मागं घेतला. तेव्हा भुजंगानं न विचारता आपली बोटं, ते अर्धं बोटही, अर्पिताच्या मानेवर कळीभोवती टेकवली. अर्पितानं गार लागून श्वास ओढून घेतला. कळी हळूहळू बसली.

"हलू नको, अर्पे."

"न्हाई हलत, माय."

त्या सहा बोटांच्या मधल्या जागेत दुर्गाबाईनं लेकीची कळी सोलली. झुबका तेलात पडला तेव्हा साडेपाच झाले होते. भुजंगानं वाकून धागा बघितला. त्यानं डबी बाजूला केली आणि तोंडानं, फुत्कारत, कसाबसा तो शब्द स्वतः उच्चारला. "बराबर?"

दुर्गाबाईला वाटलं, काम जमलं का ते विचारतोय. "बराबर," ती म्हणाली.

सहाला मोठा पाहुणा आला. राधेश्यामशेठ रोजच्यासारखे जालन्याहून तेल आणि धागे घेऊन आले होते, तेही फाटकाशी होते. अर्पितानं मान दाखवली. मोठ्या पाहुण्यानं धागा पाहिला आणि हात वर केला. बाया आपोआप मागं सरकल्या. भुजंग मधे आला, त्यानं पाठ करून आपला धागा दाखवला आणि दोघांचं बराच वेळ फुत्कारून बोलणं झालं. मग मोठ्या पाहुण्यानं दुर्गाबाईला पुढं बोलावलं.

डबी सांगत गेली. कळी उमलायच्या आत काढली असेल तर पाहुण्याला नऊ दिवस कोंडून बघायची सवलत आहे. जिंकलेल्यांना ती नाही. मात्र कुणी पाहुण्याच्या समान असेल तर त्याला आणि त्याच्या घराला तीच सवलत. "हा म्हणतो, तू त्याला समान म्हणालीस. एकशे अठरा दिवस. त्यानं तुला शिक्षा केली नाही, म्हणजे त्यानं मान्य केलं. खरं आहे?"

"मी कवा म्हणले समान?" दुर्गाबाई म्हणाली.

राधेश्यामशेठचा चेहरा उतरला. ते तिच्या कानाशी आले आणि भराभर बोलू लागले. डबीत शब्द भरताना त्यांना विचारलं होतं, बराबर म्हणजे काय, आणि त्यांनी दोन्ही तळवे एका पातळीत धरून दाखवले होते. तराजूची पारडी बराबर, हा माणूस त्या माणसाच्या बराबर. बायांचा बराबर त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. "मेरी गलती, दुर्गाबाई. बिलकुल माझीच. पण आता नाही म्हणू नका. जल्दी हो म्हणा."

म्हणजे तिनं एकेका कळीमागं त्याला सांगितलं होतं, तू आणि मी समान. आणि तो ताठ उभा राहून ऐकत आला होता.

डबी अजून संपली नव्हती. "समानांमध्ये दावा नसतो," ती म्हणाली. "हो म्हणालीस तर पत्रा परत द्यायचा."

दुर्गाबाईनं भुजंगाकडं पाहिलं. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अर्पिताबरोबर त्याचाही जीव ह्या एका शब्दात सुटत होता. त्यानं मानेवर हात ठेवला तो लेकीसाठी की स्वतःसाठी, हे त्याला विचारून कळलं नसतं, आणि डबीत तेवढे शब्द नव्हते. तिला रामराव आठवला, वॉल्व्हवर हात असलेला. तिला खूप वाईट वाटलं, नवऱ्याला दुसऱ्यांदा पंपघरात एकटं सोडून आल्यासारखं.

मोठ्या पाहुण्याचा हात अजून वरच होता. अर्पिता मान वाकवून उभी होती, धागा दिसावा म्हणून वेणी तिनंच हातानं वर धरली होती.

एक कळी सोलायला लागतो तेवढा वेळ गेला.

"बराबर," दुर्गाबाई म्हणाली, आणि पोलक्यातून पत्रा काढून दिला.

अर्पिता आणि भुजंग नऊ दिवस बियाण्याच्या गोदामात कोंडलेले होते. दुर्गाबाई भाकरी घेऊन जायची, जाळीतून द्यायची, बसायची. दहाव्या सकाळी दोघंही चालत बाहेर आले. त्यानंतर जिल्हाभर अंगावरच्या कळ्या सोलायला सुरुवात झाली, जाळणं थांबलं. दुर्गाबाईचं नाव जालन्यापर्यंत गेलं. रात्री जेवताना अर्पितानं एकदाच विचारलं, "माय, ते तू मनानं म्हणलीस का?"

"कळी बराबर सोलेल व्हती," दुर्गाबाई म्हणाली. "तेवढंच."

छातीशी जिथं पत्रा टोचायचा तिथं आता काही नव्हतं, आणि तिचा हात सारखा तिथं जायचा.

महिन्याभरानं ती नेहमीप्रमाणं दुपारी ओळीतून निघाली. नदीपलीकडं अजून काणी होती, काम संपलं नव्हतं. ओळीतल्या पहिल्या बाईची, बेबीनंदाची, कळी बघितली, बराबर म्हणाली. अर्पिताची बघितली, बराबर म्हणाली. मग भुजंगापाशी आली. त्याची कळी सगळ्या ओळीत सरस होती, साल निघालेलं, देठाला ओरखडा नाही, धाग्याची गाठ बारीक. तो ताठ उभा राहून तिच्या तोंडाकडं बघत होता. खुडायची तर खोटेपणा झाला असता. तिनं कळी उलटसुलट करून पाहिली.

"योग्य," ती म्हणाली आणि पुढच्या झाडाकडं गेली.